वृक्कविषाक्तता, पशूंतील

वृक्कविषाक्तता, पशूंतील : औषधे, धातू, वनस्पतिज विषे इत्यादींमुळे पाळीव जनावरांच्या वृक्कांतील (मूत्रपिंडांतील) कोशिकांना (पेशींना) इजा होऊन त्यांचे कार्य मंदावणे वा बंद पडणे या अवस्थेला वृक्कविषाक्तता म्हणतात. प्रस्तुत नोंदीत प्रतिजैव पदार्थांमुळे (सूक्ष्मजीवांचा नाश करणाऱ्या वा त्यांची वाढ रोखणाऱ्या औषधांमुळे) होणारी इजा आणि ती सौम्य करण्यासाठी ई व क या ऑक्सिडीकरणरोधी जीवनसत्त्वांचा होणारा उपयोग यांचा मुख्यत्वे विचार केला आहे. या विषयात एक मूळची अडचण आहे. ज्या जनावराला तीव्र प्रतिजैव औषधाची सर्वांत जास्त गरज असते, ते जनावर बहुधा ताप, हगवण किंवा रक्तदोष यांनी शुष्क झालेले असते, आणि अशाच अवस्थेत त्याचे वृक्क औषधाला सर्वांत लवकर बळी पडतात. जीव वाचविणारे औषधच वृक्क निकामी करते. यातून मार्ग काढण्याच्या प्रयत्नांत जीवनसत्त्वांकडे लक्ष गेले. त्यांच्याकडून कोणती अपेक्षा करावी व कोणती करू नये, हे समजण्यासाठी प्रथम वृक्काची घडण पाहणे आवश्यक आहे.

वृक्कांची रचना : गाय व म्हैस यांचे वृक्क बाहेरून अनेक खंडांत विभागलेले, द्राक्षाच्या घोसाप्रमाणे दिसतात. शेळी, मेंढी व कुत्रा यांचे वृक्क गुळगुळीत व घेवड्याच्या बीसारखे असतात, तर घोड्याचा उजवा वृक्क बदामाच्या किंवा पत्त्यांतील बदामाच्या आकृतीसारखा असतो. आकार निरनिराळे असले, तरी आतील रचना एकाच धर्तीची आहे. प्रत्येक वृक्कात लक्षावधी वृक्कक (मूत्र तयार करणारे सूक्ष्म घटक) असतात. वृक्ककाच्या टोकाशी असलेल्या केशिकागुच्छात (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यात) रक्त गाळले जाते आणि गाळलेला द्रव लांब नागमोडी नलिकेत उतरतो. नलिकेच्या पहिल्या भागास समीपस्थ नलिका म्हणतात. गाळलेल्या द्रवातील बहुतेक पाणी, लवणे, ग्लुकोज व लहान प्रथिने येथेच परत शोषली जातात.

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे एकपंचमांश ते एकचतुर्थांश रक्त दोन्ही वृक्कांकडे जाते. शरीराच्या वजनाच्या मानाने वृक्क अगदी लहान असल्यामुळे रक्तातील कोणत्याही विषारी द्रव्याचा त्यांच्याशी येणारा संबंध इतर इंद्रियांपेक्षा पुष्कळच जास्त असतो. शिवाय पाणी परत शोषले जात असल्याने नलिकेतील द्रव्य उत्तरोत्तर दाट होत जाते. समीपस्थ नलिकेच्या कोशिका सतत कार्यरत असतात व त्यांची ऑक्सिजनाची गरज मोठी असते. वृक्क औषधांना इतके हळवे का असतात, याचे स्पष्टीकरण या गोष्टींत मिळते.

इजा करणारी औषधे : पेनिसिलिनासारखी काही प्रतिजैव औषधे वृक्कांच्या दृष्टीने बरीच निर्धोक आहेत. पहिला त्रास आढळला तो सल्फा औषधांचा. ही औषधे व त्यांच्यापासून शरीरात बनणारी संयुगे अम्लीय मूत्रात नीट विरघळत नाहीत. त्यांचे स्फटिक नलिकांत साचून मार्ग अडवितात. परळ येथील हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखी हे संचालक असताना, १९४० च्या सुमारास, प्लेगवर सल्फा औषधांच्या उपयुक्ततेची तपासणी झाली. त्या काळापासून ही औषधे भरपूर पाण्याबरोबर देण्याचा प्रघात रूढ आहे. गवत खाणाऱ्या जनावरांचे मूत्र क्षारीय असल्यामुळे त्यांना हा धोका कुत्र्या-मांजरांपेक्षा कमी असतो. परंतु दूध पिणाऱ्या वासरांचे किंवा चारा सोडलेल्या आजारी जनावरांचे मूत्र अम्लीय होते, हे लक्षात ठेवावे लागते.

टेट्रासायक्लीन वर्गातील औषधे जुनी होऊन विघटित झाली असता त्यांपासून बनणारी संयुगे समीपस्थ नलिकेस घातक ठरतात, असे १९६३ मध्ये मानवी रुग्णांत दिसून आले. गुरांमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिनाची मोठी मात्रा नीलेतून दिल्यानेही वृक्कांस इजा झाल्याची उदाहरणे आहेत. मुदत संपलेली औषधाची बाटली गोठ्यातील फळीवरून काढून वापरणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसून येईल.

सर्वांत महत्त्वाचा वर्ग मात्र ॲमिनोग्लायकोसाइडांचा. सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शॅट्झ यांनी १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसीन शोधून काढले. त्यानंतर १९४९ मध्ये निओमायसीन, १९५७ मध्ये जपानात कॅनामायसीन आणि १९६३ मध्ये जेंटामायसीन उपलब्ध झाले. महाराष्ट्रात पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात आधी पेनिसीलीन व पुढे स्ट्रेप्टोमायसीन तयार होऊ लागले आणि पेनिसीलीन–स्ट्रेप्टोमायसीन ही जोडी खेडोपाडीच्या पशुवैद्यकाच्या पेटीत कायमची जाऊन बसली. कासेची दगडी (स्तनशोथ), घटसर्प, गर्भाशयाचा दाह, वासरांची हगवण अशा रोगांवर या वर्गातील औषधे वापरली जातात. रेणूतील ॲमिनो गट जितके अधिक, तितकी वृक्कांना बाधा अधिक, असा साधारण नियम आहे. निओमायसीन त्यामुळे सर्वांत घातक ठरले व ते टोचून देणे बहुतेक बंद पडले. स्ट्रेप्टोमायसीन वृक्कांपेक्षा कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला अधिक बाधते. जेंटामायसीन यांच्या मधले आहे; प्रभावी असल्यामुळे ते सोडवत नाही आणि घातक असल्यामुळे निर्धास्तपणे वापरताही येत नाही.

इजा कशी होते : जेंटामायसिनाचे शरीरात विघटन होत नाही. ते केशिकागुच्छातून जसेच्या तसे गाळले जाते व त्याचा बहुतांश भाग मूत्रावाटे निघून जातो. तथापि दिलेल्या मात्रेपैकी सुमारे ५ टक्के भाग समीपस्थ नलिकेच्या कोशिका आत ओढून घेतात. या कोशिकांच्या नलिकेकडील पृष्ठावर मेगालीन नावाचे एक मोठे प्रथिन असते. गाळून आलेली उपयुक्त लहान प्रथिने पकडून आत घेणे हे त्याचे काम. जेंटामायसिनाचा रेणू धन विद्युत् भारित असल्याने तो या प्रथिनाला चिकटतो आणि पाहुण्यांबरोबर चोर घरात शिरावा तसा कोशिकेत प्रवेश करतो.

आत गेल्यावर तो लयकारिकांत (कोशिकेतील टाकाऊ द्रव्यांचे पचन करणाऱ्या पिशव्यांत) साचतो. तेथे फॉस्फरसयुक्त वसा पदार्थांचे विघटन करणाऱ्या एंझाइमांचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचे) कार्य थांबते व लयकारिका कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांनी भरून फुगतात. त्या फुटल्या की औषध कलकणूंपर्यंत (कोशिकेत ऊर्जा निर्माण करणाऱ्या अंगकांपर्यंत) पोहोचते. ऑक्सिडीभवनाचा प्रश्न येथे सुरू होतो.

कलकणूंत ऑक्सिजनाचे क्षपण होऊन (इलेक्ट्रॉन मिळून) पाणी बनते. या प्रक्रियेत थोडा ऑक्सिजन अर्धवट क्षपित अवस्थेत निसटतो व त्यापासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाच्या सान्निध्यात हायड्रॉक्सिल मूलक हे पदार्थ तयार होतात. मुक्त मूलकांत (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या अणुगटांत) हायड्रॉक्सिल मूलक सर्वांत विध्वंसक होय. वॉकर व शाह या अमेरिकेतील संशोधकांनी १९८७ मध्ये जेंटामायसिनामुळे वृक्काच्या बाह्य भागातील कलकणूंकडून हायड्रोजन पेरॉक्साइडाची निर्मिती वाढते असे दाखविले. १९८८ मध्ये त्यांनीच, हायड्रॉक्सिल मूलक टिपून घेणारी किंवा लोहाला बांधून ठेवणारी द्रव्ये दिली असता उंदरांतील वृक्कांची इजा कमी होते, असे सिद्ध केले. पुढे १९९५ मध्ये जेंटामायसीन स्वतःच लोहाशी संयोग पावून मुक्त मूलक निर्माण करू शकते असे आढळले. अशा रीतीने औषधाच्या विषाक्ततेचा एक धागा ऑक्सिडीभवनापर्यंत जाऊन पोहोचला.

जीवनसत्त्वांचे कार्य : मुक्त मूलकांचा मारा कोशिकेच्या पटलांतील असंतृप्त वसाम्लांवर प्रथम होतो. एका वसाम्लाचे ऑक्सिडीभवन झाले की त्याचाच मूलक बनून तो शेजारच्या रेणूवर हल्ला करतो व ही साखळी पुढे चालू राहते. १९२२ मध्ये शोध लागलेले ई जीवनसत्त्व (मुख्यतः आल्फा टोकोफेरॉल) वसाविद्राव्य असल्याने या पटलांतच वास करते आणि आपला एक हायड्रोजन अणू देऊन साखळी तोडते. असे करताना ते स्वतः निष्प्रभ होते. त्याला पुन्हा कार्यक्षम करण्याचे काम जलविद्राव्य क जीवनसत्त्व (ॲस्कॉर्बिक अम्ल) करते. सिलिनियम हे जीवनसत्त्व नव्हे. परंतु पेरॉक्साइडांचा नाश करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एंझाइमाचा ते आवश्यक घटक असल्याचे १९७३ मध्ये सिद्ध झाल्यापासून पशुवैद्यकात ई जीवनसत्त्व व सिलिनियम यांचे नाव जोडीनेच घेतले जाते.

माणूस व गिनीपिग यांना क जीवनसत्त्व अन्नातून मिळवावे लागते. गाय, म्हैस, शेळी, घोडा व कुत्रा ते आपल्या यकृतात तयार करतात. कोंबडीच्या बाबतीत हे काम वृक्काकडे असते. म्हणजे तिच्या वृक्काला इजा झाली की संरक्षक द्रव्याचा पुरवठाही घटतो. रवंथ करणाऱ्या जनावरांना क जीवनसत्त्व तोंडाने देण्यात फारसा अर्थ नसतो, कारण रोमंथिकेतील (जठराच्या पहिल्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव त्याचा बहुतांशी नाश करतात. ई जीवनसत्त्व मात्र कोणतेही जनावर तयार करू शकत नाही. ते हिरव्या चाऱ्यातून यावे लागते.

प्रायोगिक पुरावा : या जीवनसत्त्वांनी जेंटामायसिनाची इजा खरोखर टळते काय, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. रामसामी, कॅलॉयॅनिडिस व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये उंदरांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिले. वसाम्लांचे ऑक्सिडीभवन थांबले, परंतु वृक्कांची इजा थांबली नाही. यावरून ऑक्सिडीभवन हे इजेचे कारण नसून परिणाम असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नंतरच्या काळात, विशेषतः १९९० नंतर, ई, क व सिलिनियम स्वतंत्रपणे किंवा एकत्र देऊन केलेल्या पुष्कळ प्रयोगांत मात्र रक्तातील क्रिॲटिनीन व यूरिया यांची वाढ कमी झाल्याचे आणि नलिकांतील मृत कोशिकांचे प्रमाण घटल्याचे आढळले. दोन्ही निष्कर्ष एकत्र पाहता असे दिसते की, ऑक्सिडीभवन हा इजेच्या अनेक मार्गांपैकी एक आहे. लयकारिकांत औषध साचण्याची मूळ घटना जीवनसत्त्वांनी टळत नाही. त्यानंतर भडकणारी आग काही अंशी आटोक्यात राहते. त्यामुळे या जीवनसत्त्वांपासून मिळणारे संरक्षण आंशिक स्वरूपाचे आहे.

या प्रयोगांबाबत आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. उंदरांत इजा घडवून आणण्यासाठी दर किग्रॅ. वजनास रोज ८० ते १०० मिग्रॅ. जेंटामायसीन सुमारे आठवडाभर टोचतात. घोड्याला उपचारासाठी दिली जाणारी नेहमीची मात्रा ६·६ मिग्रॅ. आहे. प्रयोगशाळेत जनावर निरोगी असते, भरपूर पाणी पीत असते आणि जीवनसत्त्व बहुधा औषधाच्या आधीपासून वा बरोबरीने दिले जाते. गोठ्यात यांपैकी काहीच नसते. मोठ्या जनावरांवरील पुरावा उंदरांवरील पुराव्याच्या मानाने थोडा आहे. उंदरांवरून म्हशीसंबंधी निश्चित विधान करणे धाडसाचे होईल.

ऑक्सिडीकरणरोधी द्रव्यांनी प्रतिजैव औषधाचा जंतुनाशक गुणच कमी होईल काय, अशीही शंका घेतली गेली. जंतूंचा नाश काही अंशी हायड्रॉक्सिल मूलकांमुळे होतो, असे प्रतिपादन २००७ मध्ये झाले होते. २०१३ मध्ये इतर संशोधकांनी ते खोडून काढले. हा वाद पूर्णपणे मिटलेला नसला, तरी जीवनसत्त्वांच्या नेहमीच्या मात्रेने उपचार फसतो असे मानण्यास सबळ आधार नाही.

मुंबईतील परिस्थिती : या प्रश्नाची व्यावहारिक बाजू मुंबईत जितकी स्पष्ट दिसते, तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. शहराला दूध पुरविणाऱ्या म्हशी एके काळी गिरगाव, परळ, दादर यांसारख्या भरवस्तीतील तबेल्यांतून बांधलेल्या असत. भुलेश्वर येथील पांजरपोळ १८३४ पासून भाकड व निराधार जनावरांचा सांभाळ करीत आहे. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय परळला १८८०–९० या दशकात उभे राहिले आणि त्याच्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होते. प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा १८९९ मध्ये जवळच्याच जुन्या राजभवनात आली व १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. गिरण्यांच्या या भागात पशुवैद्यकीय शिक्षण, रुग्णालय व जंतुशास्त्रीय संशोधन यांचा असा शेजार जमला. महाविद्यालय पुढे कोकण कृषी विद्यापीठाशी व २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी (नागपूर) जोडले गेले.

शहरातील म्हशी बाहेर नेण्याच्या हेतूने १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली आणि तेथे म्हशींसाठी पॅरा गवताची लागवड करण्यात आली. ही गोष्ट जीवनसत्त्वांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तबेल्यातील म्हैस चरायला जात नाही. तिला ठाणे जिल्ह्याकडील वाळलेले गवत, भाताचा पेंढा, कडबा, सरकी, पेंड व चुनी यांवर राहावे लागते. हिरव्या गवतात ई जीवनसत्त्व व कॅरोटीन भरपूर असतात. गवत कापून उन्हात वाळविले व गंजी करून महिनोन्‌महिने साठविले की त्यांतील फारच थोडा अंश शिल्लक राहतो. म्हणजे जीवनसत्त्वांची उणीव औषध टोचण्याच्या आधीपासूनच असते. (म्हशीचे दूध पांढरेशुभ्र असते याचे कारण मात्र ही उणीव नव्हे. म्हैस कॅरोटिनाचे रूपांतर अ जीवनसत्त्वात करून टाकते. गाय काही कॅरोटीन तसेच दुधात उतरू देते, म्हणून गायीच्या दुधाला पिवळसर छटा येते.)

पारडांची स्थिती याहून नाजूक असते. ई जीवनसत्त्व गर्भाशयातील वारेतून गर्भाकडे फारच अल्प प्रमाणात जाते. नवजात पारडाला ते चिकातून मिळते. क जीवनसत्त्व स्वतः तयार करण्याची त्याची क्षमताही पहिले काही आठवडे अपुरी असते. चिकाला शहरात खरवसासाठी चांगली मागणी असते. जो चीक दुकानात जातो, तो पारडाच्या पोटात जात नाही. त्याबरोबर रोगप्रतिकारक प्रथिने व ई जीवनसत्त्व ही दोन्ही त्याला अंतरतात. मग हगवण लागते, शरीरातील पाणी जाते, डोळे खोल जातात, आणि उपचार म्हणून जेंटामायसिनाची सुई दिली जाते. वृक्कांना इजा होण्यास लागणारी जवळजवळ सर्व कारणे येथे एकाच जिवात एकवटलेली असतात. अशा वेळी औषधासोबत जीवनसत्त्वाची सुई देण्यापेक्षा मीठ-साखरेचे पाणी किंवा नीलेतून लवणद्रव आधी देणे हे वृक्कांच्या दृष्टीने कितीतरी अधिक हिताचे होय.

लक्षणे व निदान : या विषाक्ततेत मूत्र बंद होतेच असे नाही. उलट नलिकांची पाणी शोषण्याची शक्ती गेल्यामुळे मूत्र पातळ व मुबलक होते. जनावर लघवी करीत आहे म्हणून मालकाला शंका येत नाही. चारा कमी होणे, सुस्ती, वजन घटणे ही चिन्हे मूळ रोगाचीही असू शकतात. रक्तातील क्रिॲटिनीन वाढलेले दिसते तेव्हा साधारणतः तीनचतुर्थांश वृक्कक निकामी झालेले असतात. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत यूरियाचा काही भाग रोमंथिकेत जाऊन वापरला जात असल्यामुळे त्यावर तर आणखीच कमी भरवसा ठेवता येतो. मूत्रातील नलिकाकार साचे, प्रथिने, ग्लुकोज आणि गॅमा ग्लुटामिल ट्रान्सफरेज (जीजीटी) हे नलिकेच्या कोशिकांतून गळणारे एंझाइम यांवरून इजा काही दिवस अगोदर ओळखता येते. वेळीच औषध थांबविल्यास नलिकेच्या कोशिका पुन्हा वाढतात व पुष्कळदा जनावर पूर्ण बरे होते.

प्रतिबंध : समीपस्थ कोशिकांची औषध ओढून घेण्याची क्षमता मर्यादित असते. त्यामुळे दिवसाची मात्रा तीन भागांत देण्याऐवजी एकदाच दिली, तर वृक्कात कमी औषध साचते व जंतूंवरील परिणाम मात्र उत्तम राहतो. हा सुधारित प्रघात जीवनसत्त्वांपेक्षा अधिक खात्रीचा आहे. जेंटामायसिनाबरोबर वेदनाशामक दाहरोधी औषधे किंवा फ्यूरोसेमाइडासारखी मूत्रल औषधे दिल्यास इजा वाढते. ताप उतरविण्यासाठी दुसरी सुई सहज दिली जात असल्याने ही बाब विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

चाऱ्याचाही परिणाम मोठा असतो. घोड्यांवर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लसूणघास खाणाऱ्या घोड्यांच्या वृक्कांना जेंटामायसिनाची बाधा ओट धान्य खाणाऱ्यांपेक्षा कमी झाली. १९९८ मध्ये तट्टांना नीलेतून कॅल्शियम देऊन असाच लाभ दिसला. लसूणघासात कॅल्शियम विपुल असते व ते औषधाला कोशिकेशी चिकटण्यापासून अडविते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. औषधशास्त्राच्या ग्रंथात शोधावा असा उपाय कधीकधी गव्हाणीत सापडतो, तो असा.

ई जीवनसत्त्व व सिलिनियम यांचा खरा लाभ कदाचित याहून आडमार्गाने मिळतो. विण्याच्या सुमारास दुभत्या जनावराच्या रक्तातील ई जीवनसत्त्वाचे प्रमाण घटते. अमेरिकेतील ओहायओ येथे १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ही उणीव ई जीवनसत्त्व व सिलिनियम देऊन भरून काढल्यावर गायींतील स्तनशोथाचे प्रमाण व कालावधी कमी झाल्याचे दिसले. रोग कमी म्हणजे प्रतिजैव औषधही कमी. या मार्गाने वृक्काचे होणारे संरक्षण औषधाबरोबर दिलेल्या जीवनसत्त्वापेक्षा अधिक भरवशाचे म्हणता येईल. मात्र सिलिनियमाची उपयुक्त व घातक मात्रा यांत अंतर फार थोडे असते; ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून टोचणे अयोग्य होय. क जीवनसत्त्वाच्या अतिमात्रेपासून ऑक्झॅलेट बनते व मुक्त लोहाच्या उपस्थितीत ते मूलकांची निर्मिती वाढवूही शकते, म्हणजे संरक्षकच शत्रुपक्षाला मिळतो.

अवशेष व सार्वजनिक आरोग्य : जीवनसत्त्वांनी वृक्क वाचला, तरी त्यात साचलेले औषध तेथून नाहीसे होत नाही. जेंटामायसीन गुरांच्या वृक्काच्या बाह्य भागात इतके दीर्घकाळ टिकते की, अमेरिकेत औषधोपचारानंतर १८ महिने त्या जनावराचे मांस खाण्यास न वापरण्याची शिफारस आहे. दूध आटलेली म्हैस पूर्वी वांद्र्याच्या व १९७१ पासून देवनारच्या कत्तलखान्याकडे जाण्याचा प्रघात आणि शहरातील काही वस्त्यांत गुर्दे तव्यावर परतून आवडीने खाण्याची रीत ध्यानात घेता हा मुद्दा केवळ परदेशापुरता नाही. साध्या शिजवण्याने या औषधाचा पूर्ण नाश होत नाही. ते माणसाच्या आतड्यातून अत्यल्प शोषले जात असल्यामुळे खाणाऱ्याच्या वृक्कांना थेट धोका थोडा असतो. खरा धोका आतड्यातील जंतूंमध्ये औषधाला दाद न देणारे प्रकार वाढण्याचा आहे.

भारतात जानेवारी २०१२ मध्ये औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन, अन्नासाठी पाळलेल्या जनावरांच्या औषधांच्या वेष्टनावर विरामकाल (शेवटच्या मात्रेपासून दूध, अंडी वा मांस वापरास योग्य होईपर्यंतचा काळ) छापणे बंधनकारक झाले. तो ठरविलेला नसल्यास दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. जेंटामायसिनाच्या बाबतीत वृक्कासाठी २८ दिवस किती अपुरे आहेत, हे वरील आकड्यावरून कळेल. वृक्कांना घातक असलेल्या कोलिस्टीन या दुसऱ्या वर्गातील प्रतिजैव औषधाचा अन्नोत्पादक जनावरे, कोंबड्या व मत्स्यशेती यांतील वापर जुलै २०१९ मध्ये बंद करण्यात आला. माणसांसाठी ते अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवणे हा त्यामागील हेतू होता.

जनावराला दिलेले औषध जनावरापाशी थांबत नाही, याचा मुंबईला ठाऊक असलेला दाखला प्रतिजैव औषधाचा नसून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा आहे. हे औषध दिलेल्या गुरांचे शव खाल्ल्याने गिधाडांचे वृक्क निकामी होतात व यूरिक अम्ल आतील इंद्रियांवर खडूसारखे साचून ती मरतात, असे २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनाने सिद्ध झाले. भारतातील गिधाडांच्या ऱ्हासाकडे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) शास्त्रज्ञांनी त्याआधीच लक्ष वेधले होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे १५ वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. मलबार टेकडीवरील पारशी समाजाच्या दखम्यांत गिधाडे येईनाशी झाली आणि सौर उष्णता एकवटणारी साधने बसवावी लागली. पशुवैद्यकातील डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली, माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या कुप्यांवर २०१५ मध्ये निर्बंध घातले गेले, तर ॲसिक्लोफेनॅक व कीटोप्रोफेन यांच्या पशूंसाठीच्या वापरास २०२३ मध्ये मनाई झाली. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्सिकॅम हे औषध यांच्या जागी वापरले जाते.